गर्वाचं घर खाली, पण मधले बारा महिने?

परवा संध्याकाळी शेजारच्या काकू आणि मी ओटल्यावर मेथी निवडत बसलो होतो, लाइट गेलेली, आणि काकूंनी एकदम विचारलं, "काय गं, तुमचा देव नुसता बघत काय बसतो?" विषय त्यांच्या भाच्याच्या प्लॉटचा होता. एका माणसाने तो दाबून ठेवलाय, सहा वर्षं झाली केस चालू आहे, तारखांवर तारखा पडतायत, आणि तो माणूस मात्र दरवर्षी नवी गाडी घेतोय. काकू म्हणाल्या, "गर्वाचं घर खाली म्हणतात ना, याचं घर तर दरवर्षी एक मजला वर चाललंय." मग स्वतःच उसासा टाकून म्हणाल्या, "जाऊ दे, देर है अंधेर नहीं," पण त्यांच्या आवाजावरून कळत होतं की त्या वाक्यावर आता त्यांचाच भरवसा राहिलेला नाही.

मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. गर्व, देवाचा न्याय आणि देवाची सहनशीलता ह्या तीन गोष्टी आमच्या चर्चमध्ये इतक्या वेळा एकत्र ऐकलेल्या असतात की आपल्याला कळल्यात असं वाटतं, आणि कोणी समोर बसून विचारलं की शब्द सापडत नाहीत. म्हणून दोन दिवस विचार करून हे लिहितेय, काकूंसाठी आणि असाच प्रश्न पडलेल्या कोणासाठीही. आमचं घराणं मूळचं अहमदनगरकडचं, म्हणजे आताचं अहिल्यानगर, आजोबा नोकरीसाठी इंदूरला आले आणि इथलेच झाले. चर्चमध्ये सगळं हिंदीत चालतं पण घरात आजीचं मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, होतं आणि रात्री जेवणं झाली की त्यातून वाचायचंच, त्यामुळे माझ्या डोक्यात ह्या गोष्टी मराठीतच बसल्यात.

आधी गर्व म्हणजे काय ते बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. मुलीला दहावीत चांगले मार्क पडले आणि आपली छाती फुगली, तो हा गर्व नव्हे, तो आनंद आहे आणि तो करावा. शास्त्रात ज्याला गर्व म्हटलंय तो म्हणजे मिळालेली गोष्ट मिळालेली आहे हेच विसरणं. हे माझं, मी केलं, मला कोणाला हिशोब द्यायचा नाही. शास्त्राचा जुना भाग मुळात ज्या इब्री (हिब्रू) भाषेत आहे, तिच्यात गर्वासाठी जे शब्द आहेत त्यातल्या एकाचा मूळ अर्थच 'उंच असणं' असा आहे, आपणही म्हणतोच ना, फार चढलाय, पाय जमिनीवर नाहीत, डोक्यात हवा गेलीय. रोमला ग्रेगरी नावाचे पोप होऊन गेले, ५९० ते ६०४ या काळात, त्यांनी मोठ्या पापांची जी मांडणी केली त्यात गर्वाला नुसता यादीत नंबर दिला नाही, बाकी सगळ्या पापांचं मूळ म्हणून त्याला वेगळं काढून ठेवलं. मला हे फार पटतं, कारण चोरी केलेल्या माणसाला आत कुठेतरी माहीत असतं की आपण चोरी केलीय, खोटं बोलणाऱ्यालाही माहीत असतं, पण गर्व झालेल्या माणसाला गर्व झालाय हे सांगायला जाणारा माणूसच त्याला आधी शत्रू वाटायला लागतो. म्हणजे दुखणं तर आहेच आणि वर डॉक्टरला दार बंद.

याची सगळ्यात मोठी गोष्ट दानीएलाच्या पुस्तकातल्या चौथ्या अध्यायात आहे, नबुखद्नेस्सर राजाची. हा बाबेलचा राजा खराखुरा होऊन गेला, इ.स.पू. ६०५ ते ५६२ अशी त्याची कारकीर्द, यरुशलेमचं मंदिर पाडणारा हाच. बाबेल म्हणजे आजच्या इराकमध्ये बगदादच्या दक्षिणेला, हिल्ला शहराजवळ. जर्मनीच्या रॉबर्ट कोल्डवाय यांनी तिथे १८९९ ते १९१७ खणकाम केलं, निळ्या विटांचं ते प्रसिद्ध इश्तार द्वार बर्लिनच्या म्युझियममध्ये उभं आहे ते तिथूनच गेलेलं. आणि तिथल्या विटांवर राजाचं नाव छापलेलं सापडतं, मातीची वीट ओली असतानाच शिक्का मारायचा, मी नबुखद्नेस्सर, बाबेलचा राजा, अमक्याचा थोरला मुलगा. एका विटेवर नव्हे, विटा नि विटा. भिंतीच्या आत, जिथे कोणी वाचणार नाही तिथेसुद्धा नाव. पुढे आसपासच्या गावातल्या लोकांनी त्याच विटा काढून नेऊन आपापली घरं बांधली.

तर ह्या राजाला स्वप्न पडतं. पृथ्वीच्या मध्यभागी एक प्रचंड झाड आहे, शेंडा आभाळाला टेकलाय, सावलीत जनावरं, फांद्यांवर पाखरं, आणि स्वर्गातून आवाज येतो की हे झाड तोडा, पण त्याचा बुंधा मुळांसकट जमिनीत राहू द्या. दरबारातला यहूदी संदेष्टा दानीएल अर्थ सांगतो की राजा, हे झाड तूच आहेस. आणि नुसता अर्थ सांगून थांबत नाही, सल्ला देतो, नीतीने वाग, गरिबांवर दया कर, कदाचित तुझी सुखाची दिवसं लांबतील. आता इथे लोक पटकन पुढच्या भागावर उडी मारतात, राजा वेडा झाला, गवत खाल्लं वगैरे, आणि मधलं एक वाक्य वाचायचं राहून जातं. पुढचं वाक्य असं सुरू होतं की बारा महिन्यांनंतर तो बाबेलच्या राजवाड्यावर फिरत होता.

बारा महिने. स्वप्न पडलं, अर्थ कळला, काय करायचं ते कळलं, आणि त्यानंतर पूर्ण एक वर्ष काहीही झालं नाही. वीज पडली नाही, ताप आला नाही, दरबार भरत राहिला, विटांवर शिक्के पडत राहिले. आणि मला नेहमी वाटतं की पहिले पंधरा दिवस तो घाबरला असेल, दोन महिन्यांनी थोडा सैलावला असेल, सहा महिन्यांनी स्वतःशी म्हणाला असेल की स्वप्नंच ती, आणि वर्ष होईपर्यंत विसरलासुद्धा असेल. (हा माझा अंदाज, पुस्तकात तसं लिहिलेलं नाही, पण माणूस म्हणून आपण असेच वागतो.) मग एक दिवस तो वरून शहराकडे बघत म्हणतो, हीच ना ती थोर बाबेल, जी मी माझ्या बळाने, माझ्या वैभवासाठी बांधली? शब्द तोंडात असतानाच आकाशवाणी होते आणि राज्य जातं. माणसांतून हाकलला जातो, बैलासारखं गवत खातो, दवाने भिजतो, केस गरुडाच्या पिसांसारखे वाढतात, नखं पाखरांच्या नखांसारखी. सात काळ असं शास्त्र म्हणतं, बहुतेक लोक ते सात वर्षं धरतात.

गर्वाचं घर खाली ही आपली म्हण खरीच आहे, पण ती ऐकताना वाटतं की घर पडणं हे आपोआप होतं, उंच गेलं की पडलं. शास्त्र त्या वर जाण्याच्या आणि पडण्याच्या मध्ये एक जागा ठेवतं आणि म्हणतं की ही रिकामी जागा नाही, ह्यात देव काहीतरी करतोय. तो थांबलाय, आणि थांबायचं त्याने ठरवलंय. काकूंचा प्रश्न खरंतर ह्याच जागेबद्दलचा आहे.

ह्या थांबण्याला आमच्या मराठी शास्त्रात एक सुंदर शब्द आहे, मंदक्रोध. म्हणजे ज्याला राग सावकाश येतो असा. हा शब्द कुठे येतो तेही बघण्यासारखं आहे. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे देवाच्या आज्ञा आणायला डोंगरावर गेलेला, खाली लोकांनी सोन्याचं वासरू करून त्याची पूजा मांडलेली, मोशेने रागाने त्या आज्ञांच्या दगडी पाट्या फोडल्या, म्हणजे नातं तुटायलाच आलेलं, आणि त्यानंतर देव स्वतःची ओळख करून देतो, दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. म्हणजे सगळं छान चाललेलं असताना नव्हे, विश्वासघात नुकताच झाला असताना देव हे बोलतो. आणि मूळ इब्रीत ते शब्दशः कसं आहे माहितीय? 'लांब नाकाचा'. इब्री लोकांत राग नाकात असतो असं धरायचे, राग आला की नाकातून गरम श्वास येतो ना, त्यावरून. आता आपल्याकडे चिडक्या माणसाला काय म्हणतात, याच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो! म्हणजे राग अगदी दारातच उभा, हाक मारायचा अवकाश. तर देवाचं नाक लांब आहे म्हणजे राग शेंड्यापर्यंत पोचायला वाट लांब आहे. पण वाट आहे, हे लक्षात ठेवायला पाहिजे, राग नाहीच असं शास्त्र कुठेच म्हणत नाही. ज्याला अन्यायाचा रागच येत नाही तो सहनशील नसतो, त्याला फक्त फरक पडत नसतो.

आजी आम्हा पोरांना एक गणित घालायची. उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात मथुशलह नावाचा माणूस आहे, शास्त्रातला सगळ्यात जास्त जगलेला, ९६९ वर्षं. तो १८७ वर्षांचा असताना त्याला लामेख झाला, लामेख १८२ वर्षांचा असताना नोहा झाला, आणि नोहाच्या ६००व्या वर्षी जलप्रलय आला. पाटीवर बेरीज करा म्हणायची, १८७ अधिक १८२ अधिक ६००. उत्तर येतं ९६९. म्हणजे ज्या वर्षी पूर आला त्याच वर्षी मथुशलहाचं आयुष्य संपलेलं. आजी म्हणायची, बघा, सगळ्यात लांब आयुष्य कोणाचं, तर जो वाट बघण्याच्या काळात जगला त्याचं, देवाने हात इतका लांबवला. शास्त्रात हा अर्थ कुठे लिहून ठेवलेला नाही, आजीचा आहे, पण येशूचा शिष्य पेत्र याच्या पत्रात इतकं नक्की आहे की तारू तयार होत असताना नोहाच्या दिवसांत देवाची सहनशीलता वाट बघत होती.

आता मुद्द्याचं. ही सहनशीलता गर्विष्ठ माणसाला कशी दिसते? त्याला ती परवानगी दिसते. काही होत नाही म्हणजे चालतंय. प्रेषित पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात दुसऱ्या अध्यायात नेमकं हेच विचारलंय, की देवाचा चांगुलपणा तुला पश्चात्तापाकडे नेतोय हे न समजता तू त्या चांगुलपणाला तुच्छ मानतोस का?

हे मला पुस्तकातून नाही कळलं, वहिनीमुळे कळलं. आजीच्या घराच्या वाटणीवरून माझं आणि वहिनीचं वाजलं होतं, मी चार लोकांसमोर तिला खूप बोलले, तिच्या माहेरावरून बोलले, जे बोलायला नको होतं. ती उलट एक शब्द बोलली नाही. आणि मी त्या गप्प बसण्याचा अर्थ काय काढला, तर तिला पटलंय की चूक तिची आहे! दोन वर्षं मी तोच अर्थ धरून होते, सगळ्यांना सांगत होते, बघा, तिच्याकडे उत्तर होतं का. दोन्ही नाताळांना तिच्याकडून डबा आला, करंज्या, चकल्या, आणि माझ्यासाठी वेगळ्या कागदात कमी गोडाच्या शंकरपाळ्या कारण मला शुगर आहे हे तिच्या लक्षात होतं. पहिल्या वर्षी मी म्हटलं, मनवायला बघतेय. दुसऱ्या वर्षी तो कागद उघडताना हात थांबला. ती दोन वर्षं मला वेळ देत होती आणि मी तो वेळ माझ्या बाजूचा पुरावा म्हणून वापरत होते. तिचं गप्प बसणं माझ्यासाठी उघडं ठेवलेलं दार होतं, आणि मी त्या दाराकडे बघून म्हणत होते, बघा, घरात कोणी नाहीच.

पश्चात्ताप हा शब्दही जरा नीट समजून घ्यायला हवा. आपल्याला वाटतं रडणं, नाक घासणं. इब्रीत जो शब्द आहे त्याचा साधा अर्थ 'परत फिरणं'. इथे इंदूरच्या राजवाड्याकडून निघालात, जायचं होतं पलासियाला आणि चाललात भलतीकडेच, कोणीतरी सांगितलं, तर रस्त्यावर बसून रडायचं नसतं, गाडी वळवायची असते. मी त्या संध्याकाळी वहिनीला फोन केला, काय बोलले ते इथे लिहीत नाही.

पण मग न्यायाचं काय, तो कधीच होत नाही का? होतो, आणि त्यासाठी दानीएलाचा पाचवा अध्याय. बाबेलचा नंतरचा राजा बेलशस्सर हजार सरदारांना मेजवानी देतोय, आणि यरुशलेमच्या मंदिरातून लुटून आणलेली सोन्याची भांडी दारू प्यायला मागवतो. तेवढ्यात माणसाच्या हाताची बोटं दिसतात आणि दिव्यासमोरच्या भिंतीच्या चुन्यावर लिहितात, मने, मने, तकेल, ऊफारसीन. राजाचे गुडघे एकमेकांवर आपटायला लागतात. हे शब्द खरंतर वजनांची नावं आहेत! मने म्हणजे मीना हे मोठं वजन, तकेल म्हणजे शेकेल, बाबेलमध्ये साठ शेकेलांचा एक मीना व्हायचा, आणि फारसीन म्हणजे अर्धे भाग. आपल्याकडे सराफ्यात दिवसा गेलात, म्हणजे रात्रीचा खाण्यापिण्याचा सराफा नव्हे, दुकानांचा, आणि जुन्या पेढीवरच्या काचेच्या पेटीतला तो बारीक काटा बघितला असेल तर लगेच कळेल, कोणीतरी भिंतीवर "शेर, शेर, तोळा, अर्धा" लिहावं तसं ते आहे. दानीएल त्या शब्दांवरून अर्थ सांगतो: देवाने तुझ्या राज्याचे दिवस मोजले आणि संपवले, तुला तोललं आणि तू उणा भरलास, तुझं राज्य वाटून मेदी आणि पारशी (म्हणजे जुन्या इराणमधल्या) लोकांना दिलं. त्याच रात्री बेलशस्सर मारला गेला. इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल पारशांच्या हाती पडली हे इतिहासातही आहे. दानीएलाचं पुस्तक नेमकं कधी लिहिलं गेलं यावर विद्वानांत वाद आहेत ते असोत, पण बेलशस्सर हे नाव बाबेलच्याच मातीच्या लेखांत सापडलंय, तो नबोनिदस राजाचा मुलगा, बाप कितीतरी वर्षं अरबस्तानात जाऊन राहिलेला आणि कारभार मुलाकडे. म्हणूनच तो दानीएलाला राज्यात 'तिसरी' जागा देऊ करतो, पहिल्या दोन भरलेल्या होत्या.

नबुखद्नेस्सराला बारा महिने आणि ह्याला एक रात्रसुद्धा नाही, हा अन्याय वाटतो. पण दानीएल त्याला भर दरबारात सांगतो की तुझ्याआधी नबुखद्नेस्सराचं काय झालं हे सगळं तुला माहीत होतं, तरी तू मन नम्र केलं नाहीस. म्हणजे त्याच्या हिशोबात आधीची सगळी वर्षं धरलेली आहेत.

आणि पहिल्या राजाचा शेवट विसरू नका. बुंधा ठेवलेला होता. सात काळांनंतर तो डोळे वर करून आकाशाकडे बघतो, फक्त एवढंच, आणि त्याची बुद्धी परत येते, राज्य परत मिळतं. जो वरून खाली शहराकडे बघत होता तो आता खालून वर बघतोय. देवाचा न्याय म्हटला की आपल्याला काठीच आठवते, देवाच्या काठीला आवाज नसतो वगैरे, पण इथे झाड तोडतानासुद्धा मुळाला हात न लावण्याची आज्ञा आहे.

काकू म्हणतील हे शिशुपालासारखंच झालं, शंभर अपराध भरेपर्यंत वाट बघायची. थोडं तसं आहेच, पापाचा घडा भरणं ही कल्पना आमच्या शास्त्रातही आहे, उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात देव अब्राहामाला म्हणतो की अमोऱ्यांचं (जो देश द्यायचा तिथे राहणाऱ्या लोकांचं) पाप अजून पुरं भरलेलं नाही, म्हणून तुझ्या वंशजांना चारशे वर्षं थांबावं लागेल. फरक मला एवढाच दिसतो की बायबलमधला देव वाट बघताना मोजत नुसता बसत नाही, मधल्या काळात माणसं पाठवत राहतो, स्वप्नं, दानीएल, योना, शेवटी स्वतःचा पुत्र. पेत्र म्हणतो प्रभू उशीर करत नाही, कोणाचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही म्हणून तो धीर धरतो.

आता एक गोष्ट मला जोर देऊन सांगायचीय कारण ह्यात आमच्याच लोकांनी फार जखमा केल्यात. २०२१च्या एप्रिलमध्ये, कोरोनाची दुसरी लाट होती, आमच्या ओळखीतल्या एका बाईंचा तरुण मुलगा गेला. काही महिन्यांनी एका प्रार्थनासभेत कोणीतरी त्यांना सांगितलं की घरात काही पाप असेल तर शोधा. त्या बाई नंतर कितीतरी दिवस कुठल्याच सभेला आल्या नाहीत. मी तिथेच होते आणि मी काही बोलले नाही, ते मला आजही लागतं. कारण येशूने ह्याच प्रश्नाचं उत्तर लूकच्या तेराव्या अध्यायात इतकं स्पष्ट दिलंय. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती, येशू विचारतो, ती यरुशलेममध्ये राहणाऱ्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच सांगतो, नाही. तुम्ही स्वतः मागे फिरा. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून हा देवाचा न्याय आहे म्हणणं, याच्याइतका गर्व दुसरा नाही, कारण त्यात आपण सरळ न्यायाधीशाच्या खुर्चीवर जाऊन बसतो. कुसळ आणि मुसळ ही म्हण आपण रोज वापरतो, डोंगरावरच्या प्रवचनात येशू अगदी हेच बोलतो, आणि मराठी शास्त्रात शब्दही तेच आहेत, कुसळ आणि मुसळ.

आणि देव सहनशील आहे म्हणून पीडित माणसाने गप्प बसायचं, असंही नाही. नवरा मारतो आणि बायकोला सांगायचं सहन कर, देवही सहन करतो, हे शास्त्राच्या नावावर केलेलं पाप आहे असं मी स्पष्ट म्हणेन. लूकच्याच अठराव्या अध्यायात एक विधवा आहे, ती देवाला न भिणाऱ्या आणि माणसाला न जुमानणाऱ्या न्यायाधीशाकडे परत परत जाते, माझा न्याय करा, माझा न्याय करा, इतकी जाते की तो कंटाळून न्याय करतो. येशू तिचंच उदाहरण देतो. म्हणजे काकू, भाच्याला सांगा, पुढच्या तारखेला जायचंच. त्याच अध्यायात लगेच पुढे परूशी (धर्माचे नियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदाराची (कर गोळा करणारा, लोकांच्या नजरेत पापी) गोष्ट आहे, एक मंदिरात उभा राहून स्वतःचे उपास मोजून दाखवतो आणि दुसरा लांब उभा राहून मान वर न करता छाती बडवतो, आणि घरी नीतिमान ठरून जातो तो दुसरा. मला वाटतं ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी मुद्दाम आहेत, न्याय मागायला जाताना विधवेसारखं जायचं आणि देवासमोर उभं राहताना जकातदारासारखं.

तरी काकूंच्या प्रश्नातलं दुखणं उरतंच, मला माहितीय. वाट बघणं सोपं नाही, आणि शास्त्र तसं भासवतही नाही, स्तोत्रांमध्ये किती ठिकाणी माणूस देवालाच विचारतो, कोठवर, हे परमेश्वरा? आणि योना तर भांडतोच. त्याला निनवेला पाठवलं, अश्शूरांचं क्रूर शहर, चाळीस दिवसांत नाश होणार सांग म्हणून. लोकांनी ऐकलं, राजा राखेत बसला, देवाने नाश केला नाही, आणि योनाला राग आला. तो म्हणतो, मला ठाऊकच होतं, तू मंदक्रोध आहेस, म्हणून तर मी पळालो होतो! तोच शब्द, पण इथे तक्रार म्हणून. आपल्या शत्रूला मिळालेली मुदत आपल्याला अशीच बोचते. देव त्याला उलट प्रश्न विचारतो, ज्यांना उजवा डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांवर माणसं तिथे आहेत आणि पुष्कळ गुरंढोरं, त्यांची मला कीव येऊ नये का? योनाचं उत्तर दिलेलंच नाही, पुस्तक तिथेच संपतं. निनवे पुढे परत तशीच वागायला लागली आणि इ.स.पू. ६१२ मध्ये पडली, ते नहूमाच्या पुस्तकात येतं.

शिलोहाच्या बुरुजानंतर लगेच, त्याच अध्यायात, येशू अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगतो. मालक तीन वर्षं येतोय, फळ नाही, तोडून टाक म्हणतो, जागा कशाला अडवायची. माळी म्हणतो, धनी, यंदाचं वर्ष राहू द्या, मी त्याच्या भोवती खणतो, खत घालतो, मग फळ आलं तर ठीक, नाहीतर तोडा. आमच्या अंगणातलं लिंबाचं झाड बाबांनी लावलेलं, चार वर्षं नुसता पाला. मी काढायलाच निघाले होते तर बाबा त्या वयात उकिडवे बसले, खुरप्याने चारी बाजूंनी मोकळं करून हातभर आळं केलं, वरची मुळं दिसायला लागली तशी हात हळू केला, मुळाला धक्का न लावता शेणखत पसरलं आणि वर माती ओढली. दोन दिवस कंबर धरून बसले होते. बाहेरून बघणाऱ्याला ते झाडावर वार करतायत असंच दिसलं असतं, खुरपं, उघडी मुळं, घाण वास. तेव्हापासून मला ती गोष्ट वाचताना मालकापेक्षा माळी जास्त दिसतो, कारण मुदत मागणारा तोच आहे आणि त्या वर्षात गुडघ्यावर बसून राबणारही तोच आहे. आम्ही ख्रिस्ती लोक वधस्तंभाकडे बघतो ते ह्यासाठीच, की थांबा म्हणणारा स्वतः खाली उतरून मातीत हात घालतो.

पुढच्या वर्षी त्या अंजिराला फळ आलं की नाही हे येशूने सांगितलेलं नाही. काकूंना मी हे सगळं काल सांगितलं तर त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "त्या प्लॉटवाल्याचं आळं कोण करणार गं?" आणि भाच्याची पुढची तारीख बुधवारी आहे, त्या दिवशी माझ्याबरोबर कोर्टात चल म्हणाल्या.